वारा वाहता ठेवा: घरच्या ड्रायरची निगा

जुलैत मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी ओला, दुसऱ्या दिवशी दमट आणि तिसऱ्या दिवशी कुबट. पंखा रात्रभर चालू ठेवला तरी तो तीच बाष्पाने भरलेली हवा घरभर फिरवत राहतो. हिशेब साधा आहे. 28 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर 27 ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता 90 टक्के असली की त्यातली 24 ग्रॅमहून जास्त जागा आधीच भरलेली असते. मग टॉवेलातल्या पाण्याने जायचं कुठे? हीच हवा 60 अंशांपर्यंत तापवली तर तिच्यात 130 ग्रॅमपर्यंत बाष्प मावू शकतं. म्हणजे भर पावसातल्या हवेची आर्द्रताही एकदम 20 टक्क्यांच्या खाली येते, आणि अशी हवा कपड्यांतलं पाणी भराभर ओढून घेते.

वासाचंही कारण त्यातच आहे. कपडे फार वेळ ओले राहिले की त्यांच्यावर जिवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी 2012 साली यातल्या एका मुख्य जिवाणूचं नाव दाखवून दिलं: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. तो घामाच्या आणि त्वचेच्या अंशांवर जगतो आणि साध्या धुण्याला पुरता दाद देत नाही. सुगंधी लिक्विड ओतून वास दबतो, जात नाही. कपडे लवकर वाळवणं हा त्यावरचा खरा इलाज.

ड्रायर दोन कामं करतो: हवा तापवतो आणि बाष्पाने भरलेली हवा कपड्यांपासून दूर नेतो. पहिल्या कामाचं सगळ्यांना कौतुक असतं. बिघाड मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कामात होतो. "ड्रायर गरमच होत नाही", "तीन तास लागतात", "मध्येच बंद पडतो" या तक्रारींच्या मुळाशी पाहिलं तर कुठेतरी हवा अडलेली सापडते. म्हणून या लेखात हीटरबद्दल थोडं आणि वाऱ्याबद्दल जास्त.

आत काय चालतं

सगळ्यात साधा आणि स्वस्त प्रकार म्हणजे नळीचा, व्हेंटेड ड्रायर. खोलीतली हवा मागच्या बाजूने आत येते, हीटरवरून तापून ड्रममध्ये शिरते, कपड्यांमधून जाते, जाळीतून गाळली जाते आणि ब्लोअर तिला नळीतून बाहेर फेकतो. ड्रम मिनिटाला साधारण 50 फेरे घेतो. आतल्या उभ्या पट्ट्या कपड्यांना वर नेतात आणि सोडतात. कपडा वरून खाली पडतो त्या क्षणी तो मोकळा झालेला असतो आणि गरम हवा त्याच्या आरपार जाते. खरं वाळणं त्या पडण्यात होतं. ड्रम गच्च भरला की कपड्यांना पडायला जागा उरत नाही, सगळा गठ्ठा एकत्र गोल फिरतो. बाहेरचे कपडे तापतात आणि मधले ओलेच राहतात. ओले कपडे घातल्यावर ड्रमचा वरचा तिसरा हिस्सा तरी रिकामा दिसला पाहिजे.

बऱ्याच मॉडेलांत एकच मोटर दोन्ही कामं करते: एका टोकाला पट्टा लावून ड्रम फिरवते, दुसऱ्या टोकाला ब्लोअरचा पंखा. मूळ रचना गेली कित्येक दशकं फारशी बदललेली नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत घालण्याला कंटाळलेल्या जे. रॉस मूर नावाच्या माणसाने ड्रायर बनवला आणि हॅमिल्टन कंपनीने 1938 साली तो 'जून डे' या नावाने बाजारात आणला. तिकडे जून म्हणजे लख्ख उन्हाचा महिना. आपल्याकडे नेमक्या त्याच महिन्यात ड्रायरची चौकशी सुरू होते.

दुसरा प्रकार कंडेन्सर. यात बाष्पाची हवा बाहेर न सोडता आतच थंड केली जाते, पाणी सुटतं आणि एका टाकीत जमतं. नळी लागत नाही, खिडकी लागत नाही. पण थंड करायला खोलीतलीच हवा वापरली जाते, त्यामुळे बंद न्हाणीघरात ठेवला तर खोली तापते आणि कंडेन्सरचं काम मंदावतं. दार उघडं ठेवायचं, एवढाच उपाय.

तिसरा हीट पंपाचा. फ्रिज आणि एसी ज्या तत्त्वावर चालतात त्याच तत्त्वावर हा चालतो. थंड कॉइलवर बाष्पाचं पाणी होतं आणि त्यातून मिळालेली उष्णता गरम कॉइलमार्फत पुन्हा त्याच हवेला दिली जाते. उष्णता वाया जात नाही, म्हणून वीज साध्या ड्रायरच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते. ड्रममधलं तापमान तुलनेने कमी असल्यामुळे कपडेही कमी झिजतात. मात्र वेळ जास्त लागतो, दोन-अडीच तास धरून चाला, आणि किंमत बरीच जास्त. स्वित्झर्लंडने 2012 पासून नव्या ड्रायरसाठी हाच प्रकार जवळपास सक्तीचा केला. युरोपीय संघाच्या नियमांमुळे 1 जुलै 2025 पासून तिथेही हेच चित्र आहे.

धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात करणारे वॉशर-ड्रायरही मिळतात. जागा वाचते, पण घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. धुण्याची क्षमता 8 किलो असली तरी वाळवण्याची बहुधा 5 किलोच असते, म्हणजे धुतलेल्यातले काही कपडे बाहेर काढावे लागतात. आणि त्यातल्या कित्येक मॉडेलांत बाष्प थंड करायला नळाचं पाणी वापरतात. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत वाळवण्यासाठी पाणी सांडणारं यंत्र घेण्यात काही अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर पावसाळ्याचे चार महिनेच लागणार असेल आणि यंत्र खिडकीजवळ बसत असेल तर नळीचा ड्रायर पुरे. घरात तान्हं मूल असेल, आजारी माणूस असेल, किंवा वर्षभर रोज चालणार असेल तर हीट पंपाचे जास्तीचे पैसे विजेच्या बिलातून वसूल होतात. महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं आणि ड्रायर नेमका तुम्हाला त्या टप्प्यात नेऊन बसवतो, हे हिशेबात धरा.

जोडणी भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमधूनच हवी, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंगसह. 2000 वॅटच्या आसपासचं हे ओझं एक्स्टेन्शन बोर्डावर टाकू नका. बोर्डाची वायर तापते, प्लग वितळतो. वॉशिंग मशीनवर ड्रायर बसवायचा असेल तर खालचं मशीन पुढून उघडणारं हवं आणि मधे कंपनीचाच स्टॅकिंग किट हवा.

आधी पिळा, मग वाळवा

एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी 0.65 युनिट विजेइतकी उष्णता लागते. यात कुठलीही कंपनी सवलत देऊ शकत नाही, तो निसर्गाचा दर आहे. हीट पंप तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरून तेवढी मात करतो. साध्या ड्रायरमध्ये जी उष्णता नळीवाटे बाहेर जाते ती धरून खर्च युनिटच्या जवळ पोचतो. तेव्हा पाणी ड्रायरमध्ये जाण्याआधीच काढता आलं तर उत्तम, आणि ते वॉशिंग मशीनच्या स्पिनमध्ये अगदी स्वस्तात निघतं.

6 किलो सुती कपडे 800 फेऱ्यांवर पिळले तर त्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 70 टक्के पाणी उरतं, म्हणजे 4.2 लिटर. तेच 1400 फेऱ्यांवर पिळले तर 50 टक्के, 3 लिटर. फरक 1.2 लिटरचा. म्हणजे दर खेपेला साध्या ड्रायरमध्ये युनिटभर वीज आणि पाऊण तासापर्यंत वेळ वाचला, तोही स्पिनचं बटण दोन घरं पुढे सरकवून. नाजूक कपडे सोडून बाकी सगळ्यांना मशीन देईल तेवढा जास्तीत जास्त वेग द्या. पिळून निघालेले कपडे एकमेकांत अडकलेले असतात. ते तसेच गोळा करून ड्रायरमध्ये ढकलू नका. एकेक झटकून टाका. एवढ्यानेही पाच-दहा मिनिटं वाचतात आणि चुरगळ्या कमी पडतात.

सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या शेजारच्या टबाला आपल्या घरांतून ड्रायर म्हणतात. तो पिळण्याचं काम झकास करतो, पण हवा तापवत नाही, त्यामुळे या लेखातलं पुढचं काही त्याला लागू नाही. फुल ऑटोमॅटिकवर 'एअर ड्राय' लिहिलेलं असतं तेही जोरदार पिळणंच.

जाळीवरचं तूस

कपडे घासले जातात तेव्हा त्यांचे बारीक धागे सुटतात. हेच तूस, मेकॅनिक त्याला लिंट म्हणतो. ते अडवायला दाराजवळ जाळी असते. प्रत्येक खेपेनंतर ती साफ करायची. आठवड्यातून एकदा किंवा वेळ मिळेल तेव्हा नव्हे, प्रत्येक खेपेनंतर. नव्या टॉवेलांच्या पहिल्या दोन-चार खेपांत तर तुसाचा जाड थर निघतो.

काम अर्ध्या मिनिटाचं आहे. जाळी सरळ वर ओढून काढा. बोटं किंचित ओली करून थर एका कडेपासून गुंडाळत आणा, तो सलग सुटून येतो. जाळी बसते त्या खाचेतही डोकावून पाहा; तिथे पडलेलं तूस व्हॅक्यूम क्लीनरच्या चपट्या तोंडाने किंवा लांब दांड्याच्या ब्रशने काढा. काही मॉडेलांत जाळी दुपदरी असते आणि पुस्तकासारखी उघडते. आतला पदर लोक पाहतच नाहीत.

स्वच्छ दिसणारी जाळीही बंद असू शकते. फॅब्रिक सॉफ्टनर आणि सुगंधी ड्रायर शीटचा मेणचट लेप तिच्यावर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवा अडवतो. याची परीक्षा नळाखाली होते. तूस काढलेली जाळी आडवी धरा आणि तिच्यावर पाण्याची धार सोडा. पाणी खाली झरकन गळून गेलं तर जाळी ठीक. पाणी वर साचून राहिलं, कडेने ओघळलं, तर लेप बसला आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी हलकेच घासा, धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. महिन्यातून एकदा हे पुरतं. जाळीला भोक पडलं असेल किंवा चौकटीपासून ती सुटली असेल तर नवी घ्या, कारण त्या फटीतून तूस थेट आत जातं. जाळी काढून ठेवून ड्रायर चालवणं तर कधीच नको.

हे मी इतकं बजावून सांगतो आहे, कारण तूस म्हणजे कोरडा कापूस, आणि तो हीटरच्या वाटेवर साठतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार 2008 ते 2010 या काळात तिथे वर्षाला सुमारे 2,900 घरांत कपड्यांच्या ड्रायरमुळे आगी लागल्या. कारणांत पहिला क्रमांक साफसफाई न करण्याचा होता, 34 टक्के. ब्रिटनमध्ये 2004 ते 2015 दरम्यान बनलेल्या हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा अशा नावांच्या लाखो ड्रायरमध्ये तूस हीटरला लागण्याचा दोष सापडला. ऑगस्ट 2016 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच इमारतीत अशाच यंत्रातून आग लागली, आणि 2019 साली व्हर्लपूल कंपनीला उरलेली यंत्रं परत मागवावी लागली. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी सेकंडहँड ड्रायर घेताना, किंवा भाड्याच्या घरात आधीपासून असलेला वापरताना, त्याचा मॉडेल क्रमांक या यादीत आहे का ते पाहून घ्यावं.

नळी, खिडकी आणि कबुतरं

नळीच्या ड्रायरची नळी साधारण 10 सेंटीमीटर व्यासाची असते. ती जितकी आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत, तितकी चांगली. चुरमुडी प्लॅस्टिकची नळी टाळा. तिच्या वळ्यांत तूस साठतं आणि ते पेटलं तर नळीही पेटते. धातूची नळी घ्या. जोडांवर स्क्रू मारू नका, स्क्रूची आतली टोकं तूस धरून ठेवतात. धातूचा क्लिप किंवा फॉइल टेप वापरा. नळीचा मधला भाग खाली लोंबत असेल तर तिथे पाणी साचतं, म्हणून आधार द्या. आणि यंत्र भिंतीकडे सरकवताना मागे नळी चेपत नाही ना, हे वाकून एकदा पाहाच.

बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावायचा मोह होतो, कारण मुंबई-पुण्यात कबुतरं कुठेही घरटं करतात. पण बारीक जाळी महिन्याभरात तुसाने बंद होते. त्याऐवजी झडपेचं तोंड मिळतं. हवा आली की उघडतं, थांबली की मिटतं. झडप नीट उघडते का ते ड्रायर चालू असताना बाहेरून पाहा. तिथे एक हलका कागद धरला तर तो जोरात फडफडायला हवा. नुसता थरथरला तर नळी साफ करण्याची वेळ आली.

नळी खिडकीबाहेर न काढता न्हाणीघरातच सोडून देणारे लोक आहेत. एका खेपेला तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन त्या खोलीत उतरतं. भिंतींना ओल येते, छताला बुरशी धरते, आणि तीच ओली हवा पुन्हा ड्रायर आत ओढतो. मग कपडे वाळत नाहीत म्हणून यंत्राला दोष. याहून गंभीर गोष्ट गॅस गिझरची. नळीचा ड्रायर खोलीतली हवा सतत बाहेर फेकत असतो. बंद खोलीत त्याच वेळी गॅस गिझर पेटलेला असेल तर त्याचा विषारी धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा आत खेचला जाऊ शकतो. दोन्ही एका खोलीत ठेवूच नयेत. ठेवावेच लागले तर एका वेळी एकच चालवा आणि खिडकी उघडी ठेवा.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण तिथल्या घरात नळी भिंतीत गाडलेली असते आणि ती कुणाला दिसत नाही. तिथल्या निवासी बांधकाम संहितेत या नळीची लांबी 35 फूट धरली आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून 5 फूट वजा होतात. तीन वळणं असली की 20 फूटच उरले. टाउनहाउसमध्ये नळी छतावर निघत असेल तर साफ करणाऱ्याला वर्षातून एकदा बोलवा आणि हिवाळ्यात तोंडावर बर्फ साचलेलं नाही ना ते पाहा. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर नळी तुंबणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तेव्हा त्या मजल्यावर अलार्म हवाच. एक नेहमीचा घोळही तिथलाच: ड्रम फिरतो, पण हवा गार. विजेच्या ड्रायरला तिथे 240 व्होल्ट लागतात आणि त्यासाठी दोन फेज येतात. मोटर एकाच फेजवर, 120 व्होल्टवर चालते. हीटरला दोन्ही हव्यात. ब्रेकरचा एक भाग पडला की यंत्र चालू दिसतं आणि तापत नाही. मेकॅनिकला शंभर-दीडशे डॉलर देण्याआधी तो ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून पाहा.

कंडेन्सर आणि हीट पंप

यांना नळी नसते म्हणून निगा नसते, असा समज आहे. उलट यांची निगा थोडी जास्तच. पाण्याची टाकी दर खेपेला रिकामी करा. भरली की यंत्र मध्येच थांबतं आणि लोकांना बिघाड वाटतो. शक्य असेल तर बाहेर जाणारी बारीक नळी मोरीच्या निचऱ्यात सोडा आणि टाकीची कटकट संपवा. हे पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात तूस आणि डिटर्जंटचे अंश असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी म्हणून ते घालायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, घालू नका. संडास धुवायला, फरशी पुसायला वापरा.

खालच्या बाजूला एक झाकण असतं. साध्या कंडेन्सरमध्ये त्यामागचा ठोकळा खटके फिरवून बाहेर ओढता येतो. दीड-दोन महिन्यांनी, आणि रोजचा वापर असेल तर महिन्याने, तो नळाखाली धरून आरपार धुवा. पाणी दुसऱ्या बाजूने स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, निथळू द्यायचं, मग बसवायचं. हीट पंपात कॉइल बाहेर निघत नाही. झाकण उघडलं की पातळ धातूच्या पात्यांची दाट रांग दिसते. तिच्यावर तुसाची मळकट साय धरलेली असेल तर मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमच्या ब्रशने वरून खाली, पात्यांच्या दिशेनेच काढा. आडवा हात फिरवला की पाती दुमडतात आणि दुमडलेल्या पात्यांतून हवा जात नाही. कडाही धारदार असतात, हातमोजे घाला. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश जवळही आणू नका. आत गॅसची नळी आहे. काही कंपन्या कॉइल आपोआप धुतली जाते असं सांगतात. तशा यंत्रातही पुढची जाळी साफ ठेवली नाही तर गाळ साचतोच, आणि मग तो काढायला यंत्र खोलावं लागतं.

हीट पंपाचा ड्रायर घर बदलताना आडवा टाकू नका. टाकावा लागलाच तर उभा केल्यावर निदान एक दिवस थांबून चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं.

आता सेन्सर. ऑटो प्रोग्रॅमवर यंत्राला कपडे वाळल्याचं कसं कळतं? ड्रमच्या आत, दाराच्या बाजूला दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना एकदम लागला की त्यातून अगदी क्षीण वीज वाहते. कोरडा कपडा लागला तर वाहत नाही. त्या पट्ट्यांवर सॉफ्टनरचा लेप किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार बसले की यंत्र फसतं आणि कपडे दमट असतानाच "झालं" म्हणून थांबतं. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने महिन्या-दोन महिन्यांनी त्या पुसा. मोजके दोन-तीन कपडे टाकले तरी हाच घोटाळा होतो, कारण ते पट्ट्यांना पुरेसे लागतच नाहीत. अशा वेळी ऑटोऐवजी वेळ लावा.

काय घालू नये

कपड्याच्या लेबलवर चौकोनात गोल असेल तर ड्रायर चालतो. गोलात एक ठिपका म्हणजे 60 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 80. फुली असली तर नाही. पैठणी, जरीचं काही, रेशीम, लोकर दोरीवरच बरी. खळ घातलेले कपडेही नकोत, खळीची पूड जाळीत आणि सेन्सरवर जाते. रबर लावलेले रेनकोट, फोमच्या उशा, योगाच्या मॅट यांनी आग लागू शकते.

तेलाचं मात्र स्वतंत्रपणे सांगतो, कारण आपल्या घरांत ते हमखास घडतं. बाळाला मालिश केल्यावर टिपायचे पंचे, अभ्यंगाचे टॉवेल, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी. धुतल्यावरही त्यांत तेल उरतं. जवस, करडई, सूर्यफूल, तीळ अशी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना स्वतः उष्णता सोडतात. ड्रायरने ती प्रक्रिया वेगात सुरू होते आणि गरम कपडे गठ्ठा करून ठेवले तर उष्णता आतच कोंडून काही तासांनी ते आपोआप पेटू शकतात, ड्रायर बंद झाल्यानंतरही. असे कपडे गरम पाण्यात, जास्त डिटर्जंट घालून धुवा आणि दोरीवर वाळवा. याच कारणाने शेवटची गार हवेची दहा मिनिटं अर्धवट सोडू नका. मध्येच यंत्र थांबवावं लागलं, वीज गेली, तर कपडे लगेच बाहेर काढून पसरा.

चादरीही त्रास देतात. डबल बेडची चादर फिरता फिरता पिशवी होते आणि मोजे-रुमाल पोटात घेते. बाहेरून खडखडीत, आत ओला गोळा. चादरी वेगळ्या लावा, आणि अर्ध्या वेळाने एकदा उघडून झटका. उशीच्या अभ्र्यांची बटणं लावून टाका.

आवाज आणि मेकॅनिक

मोटर गुणगुणते पण ड्रम फिरत नाही: पट्टा तुटला आहे. दर फेऱ्याला चीं-चीं आवाज येतो: ड्रमखालचे रोलर किंवा पट्टा ताणणारी पुली झिजली आहे. सुरुवातीची काही मिनिटं धप-धप होऊन मग थांबतं: यंत्र बरेच दिवस बंद राहिल्याने पट्टा किंवा रोलर एका जागी दबले आहेत, काळजीचं कारण नाही. खरखर: नाणं, हुक किंवा ब्राची तार ड्रमच्या फटीत गेली आहे, चालवत राहू नका, ड्रमचा पत्रा कापला जातो.

हवा तापत नसेल तर बहुधा थर्मल फ्यूज उडालेला असतो. तो ठरावीक तापमानाच्या वर गेल्यावर एकदाच उडतो आणि बदलावाच लागतो. दोन-तीनशे रुपयांचा सुटा भाग, पण सहज मिळत नाही म्हणून काही कारागीर "तोपर्यंत डायरेक्ट करून देतो" म्हणतात आणि दोन वायरी जोडून टाकतात. यंत्र सुरू होतं. पण जास्त तापलं तर थांबवणारी शेवटची सोय तुम्ही काढून टाकलेली असते. तसं करू देऊ नका. फ्यूज उगाच उडत नाही. बहुतेक वेळा हवा अडलेली असते म्हणूनच उडतो. नवा बसवण्याआधी नळी, जाळी, कंडेन्सर साफ झालं आहे का ते समोर उभं राहून बघा, नाहीतर पंधरा दिवसांत दुसरा उडेल. वर्षातून एकदा मागचा पत्रा उघडून आतलं तूस, विशेषतः हीटरच्या आणि मोटरच्या आजूबाजूचं, काढून घ्या. हे काम माहितगाराचं आहे, प्लग काढून करायचं.

दिवाळीनंतर यंत्र बंद ठेवणार असाल तर टाकी आणि जाळी रिकामी करा, प्लग काढा, दार इंचभर उघडं ठेवा, आणि नळीचं तोंड मात्र बोळा कोंबून घट्ट बंद करा. कोकणातल्या घरांत उंदीर त्या वाटेने आत जाऊन तुसात घर करतात आणि पट्टा कुरतडतात. मेच्या शेवटी बोळा काढायची आठवण राहावी म्हणून प्लगला चिठ्ठी बांधा. मग एक जुना ओला टॉवेल आणि दोन-चार फडकी टाकून यंत्र अर्धा तास चालवून पाहा. जळका वास, नवा आवाज किंवा गार हवा, काहीही जाणवलं तर तेव्हाच दुरुस्ती करून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर सगळ्यांचेच ड्रायर बाहेर निघतात आणि सर्व्हिस सेंटरची तारीख आठवडाभर मिळत नाही.